नाममुद्रा कोणाची? : ‘प्रभात’ची फाटाफूट आणि संतपटांची भाषा

शनिवार पेठेच्या कडेला, अप्पा बळवंत चौकालगत 1934 साली उभारलेले एक चित्रगृह अनेक दशके ‘प्रभात’ या नावाने ओळखले जात होते. वास्तू किबे घराण्याची, नाव चित्रसंस्थेचे. ती चित्रसंस्था 1953 मध्ये बंद पडली. नाव मात्र त्यानंतर सहा दशके चित्रगृहाच्या दर्शनी भागावर टिकले; 2014 च्या अखेरीस वास्तू मूळ मालकांकडे परत गेली तेव्हा ते उतरले आणि ‘किबे लक्ष्मी’ हे नाव वर चढले. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात पहिलेच नाव येत राहिले, यात भाषाशास्त्राच्या दृष्टीने नवल काही नाही. स्थलनामे मालकीहक्काच्या कागदपत्रांना फारशी जुमानत नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ‘प्रभात’ या नावाच्या उच्चाराने कोणा एका व्यक्तीचा निर्देश होत नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासात असे भाग्य फार थोड्या नावांच्या वाट्याला आले.

कोल्हापुरात 1 जून 1929 रोजी स्थापन झालेल्या आणि 1933 मध्ये पुण्यास आलेल्या या संस्थेची घडी 1942 मध्ये मोडली. व्ही. शांताराम बाहेर पडले, मुंबईस गेले, आणि तेथे त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ स्थापन केले. ‘प्रभात’ त्यानंतर अकरा वर्षे चालली, पण ती पूर्वीची ‘प्रभात’ राहिली नाही, असे सर्वत्र म्हटले जाते. या विधानात तथ्य आहे. त्याचे जे स्पष्टीकरण रूढ आहे ते मात्र अपुरे आहे. प्रमुख दिग्दर्शक गेला म्हणून संस्था खचली, हे ते स्पष्टीकरण. शांतारामांचे ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र, शांताराम आठवले यांचे ‘प्रभातकाल’ आणि बापू वाटवे यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ ही या विषयावरील मराठीतील ठळक पुस्तके. तीनही माहितीने भरलेली आहेत आणि तीनही आठवणींच्या वळणाची आहेत. आठवण स्वभावतःच माणसांना धरून चालते. तिला कलहाचे कारण दिसते, वाक्याची रचना दिसत नाही. त्यामुळे एक साधा प्रश्न बाजूस पडतो. ‘प्रभात’ची सर्वांत थोर कृती ‘संत तुकाराम’ (1936) ही होय, असे मानण्यास सबळ आधार आहेत. तिचे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल हे दोघेही 1942 नंतर ‘प्रभात’मध्येच होते. बाहेर गेले ते शांताराम. मग मागे राहिलेल्या हातांतून दुसरा ‘तुकाराम’ का घडला नाही?

या प्रश्नाचे उत्तर व्यक्तींच्या गुणदोषांत सापडणार नाही. ते संस्थेच्या रचनेत, आणि त्या रचनेमुळे चित्रपटात जी भाषा बोलली जाणे शक्य झाले त्या भाषेत शोधावे लागते.

चित्रसंस्थेची पुनर्रचना हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही जाणीव अलीकडे अमेरिकेतील अद्भुतवीरांच्या चित्रपटांनी करून दिली आहे. मराठी वृत्तपत्रे ज्यांना सरळ ‘सुपरहिरो’ म्हणतात त्या वीरांचे चित्रपट काढणाऱ्या ‘मार्व्हल स्टुडिओज’ची घडी गेल्या दशकात दोनदा बदलली. 2015 मध्ये हा चित्रविभाग आयझॅक पर्लमटर यांच्या नियंत्रणाखालून काढून थेट डिस्ने कंपनीच्या चित्रपट-प्रमुखांच्या कक्षेत आणण्यात आला; 2019 च्या अखेरीस तोपर्यंत स्वतंत्र असलेला दूरचित्रवाणी-विभाग त्यात विलीन झाला, आणि चित्रपट व मालिका या दोहोंची सूत्रे केव्हिन फायगी या एकाच निर्मात्याकडे आली. प्रतिस्पर्धी संस्थेनेही हाच मार्ग धरला. नोव्हेंबर 2022 पासून ‘डीसी स्टुडिओज’ या नावाने चित्रपट आणि मालिका एकत्र करून जेम्स गन व पीटर सॅफ्रन या दोघांकडे सोपविण्यात आल्या. तेथील समीक्षक आता प्रत्येक चित्रपट कारभारातील बदलाची खूण म्हणून पाहतात. ही पद्धत अतिरेकाला गेली म्हणजे हास्यास्पद होते, कारण मग नायकाच्या एखाद्या वाक्याचे मूळही संचालक-मंडळाच्या बैठकीत शोधले जाते. तथापि तिच्यामागील गृहीतक विचारात घेण्याजोगे आहे. अद्भुत कथा एकटा लेखक रचीत नाही. ती कोणत्या घरात रचली जाते यावर तिचे बोलणे अवलंबून असते.

येथे एक आक्षेप संभवतो. तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांना अमेरिकन अद्भुतवीरांच्या पंक्तीस बसविणे कितपत युक्त? चमत्कार दोहोंकडे आहेत, यंत्रकौशल्याने ते पडद्यावर दाखविण्याची हौस दोहोंकडे आहे, आणि प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असणे हेही दोहोंकडे आहे. भेद आहे तो क्रियापदाचा. अमेरिकन वीर उडतो, उचलतो, फोडतो, वाचवतो. क्रिया त्याची असते आणि तिचे श्रेय त्याच्या खास नावाकडे व वेषाकडे जाते. मराठी परंपरा संतांचे चमत्कार सांगते तेव्हा वाक्याची घडण बदलते. ज्ञानेश्वरांनी भिंत ‘चालविली’, रेड्याच्या मुखातून वेद ‘वदविले’. दोन्ही रूपे प्रयोजक आहेत. चालते ती भिंत, बोलतो तो रेडा. संत मागे उभा असतो. तुकारामांच्या बाबतीत तर हा मागचा कर्ताही लोपतो. गाथा ‘तरली’. अकर्मक क्रियापद, कर्त्याच्या जागी स्वतः वह्या, आणि ज्याच्यासाठी हे घडले तो माणूस वाक्यात कोठेच नाही. चमत्कार संताच्या ‘हातून घडतात’, असे मराठी बोलते. या ‘हातून’मध्ये आणि ‘घडतात’मध्ये एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे, आणि दिग्दर्शकापुढील एक बिकट अडचणही आहे. ज्या घटनेला कर्ता नाही ती कॅमेऱ्यासमोर कशी मांडावी? नायकाला शक्तिमान दाखवावे तर तो संत राहत नाही. न दाखवावे तर चित्रपटात पाहण्यासारखे काही उरत नाही.

‘प्रभात’ने ही अडचण ज्या रीतीने सोडविली ती रीत संस्थेच्या मूळ रचनेशी जोडलेली होती. पाच भागीदारांपैकी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’त तयार झालेले, पाचवे सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन आलेले. कामाची वाटणी पदांच्या उतरंडीने झालेली नव्हती, ती कसबावरून झालेली होती. धायबर यांच्याकडे छायाचित्रण, दामले यांच्याकडे ध्वनिलेखन, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, शांतारामांकडे दिग्दर्शन. बोलपट आला तेव्हा ‘अयोध्येचा राजा’ (1932) शांतारामांनी दिग्दर्शित केला. पुढे दामले व फत्तेलाल हेही जोडीने दिग्दर्शनाकडे वळले, आणि एकाच आवारात, त्याच नोकरवर्गाच्या साहाय्याने, भिन्न प्रकृतीचे दोन प्रवाह वाहू लागले. धायबर मध्येच बाहेर पडले. पण प्रवाह दोनच राहिले. एका बाजूस ‘कुंकू’ (1937), ‘माणूस’ (1939), ‘शेजारी’ (1941). दुसऱ्या बाजूस ‘संत तुकाराम’, ‘गोपाळकृष्ण’ (1938), ‘संत ज्ञानेश्वर’ (1940). पहिला प्रवाह वाद घालणारा, दुसरा भक्तीचा, असा ढोबळ भेद नेहमी सांगितला जातो. तो सोयीचा आहे, पण त्यावर थांबता येत नाही. वाद घालण्याचे काम सर्वांत प्रभावीपणे जेथे झाले तो चित्रपट दुसऱ्या प्रवाहातील आहे, आणि ते काम करणारे पात्र संत नाही.

ते पात्र म्हणजे जिजाई. शिवराम वाशीकर यांच्या पटकथेत तिला मिळालेली जागा कथेच्या गरजेपेक्षा पुष्कळ मोठी आहे. गौरी या नटीने ही भूमिका केली. विष्णुपंत पागनीस तुकारामाच्या भूमिकेत आले ते संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवून. त्यांचे बोलणे गाण्याच्या जवळचे, सावकाश, स्वराला वाव देणारे. गौरीचे बोलणे चुलीजवळचे. दामले मुळात ध्वनिलेखक होते ही गोष्ट येथे विसरता कामा नये. दोन आवाजांच्या पोतांतील हे अंतर दिग्दर्शकाने पुसले नाही, उलट राखले. ग्रामीण बोलीचा उपयोग तोवर रंगभूमीवर आणि पडद्यावरही बहुधा विनोदासाठी होत असे. घरगडी, शिपाई, गावंढळ पाहुणा यांच्या तोंडी ती येई आणि प्रेक्षकगृह हसे. जिजाईच्या बोलण्यालाही प्रेक्षक हसतो. पण हसता हसता त्याच्या ध्यानात येते की घरात दाणा नाही हे सत्य केवळ ती एकटीच सांगते आहे.

आजारी मुलाला घेऊन ती देवळात शिरते आणि विठोबावर पायातली वहाण उगारते, तो प्रसंग सर्वांच्या स्मरणात आहे. त्यातील सर्वनामाकडे मात्र लक्ष गेलेले दिसत नाही. मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात. तुकाराम विठोबाला ‘तू’ म्हणतो ते भक्ताच्या जवळिकीने. जिजाई म्हणते ते भांडणाऱ्या शेजारणीच्या हक्काने. सर्वनाम एकच, क्रियापदाची रूपे तीच, आणि तरी दोन ‘तू’ परस्परांना छेद देतात. चमत्काराला कर्ता नसण्याची जी अडचण वर सांगितली, तिची सोडवणूक येथे आहे. ज्याला जाब विचारावयाचा तो कर्ता जिजाईने वाक्यात परत आणला. संत म्हणतो, घडले. बायको विचारते, कोणी केले, आणि आमच्या पोटाचे काय? विठोबाच्या मूर्तीतून एकामागून एक शिवाजी बाहेर पडतात, पुष्पक विमान आकाशातून उतरते, ही दृश्ये यंत्रकौशल्याच्या दृष्टीने आजच्या प्रेक्षकाला बाळबोध वाटतील. ती टिकली याचे श्रेय त्या कौशल्याला फारसे देता येत नाही. प्रत्येक अद्भुताच्या शेजारी म्हैस, चूल आणि उपाशी मूल उभे आहे, म्हणून ती टिकली. गीता कपूर यांनी या चित्रपटाचा संतप्रतिमेच्या अंगाने जो विस्तृत विचार केला आहे तो मौलिक आहे. त्याला बोलीच्या अंगाची जोड मिळाली, तर चित्र पुरे होईल.

याच चित्रपटात नाममुद्रेचा प्रश्नही येतो, आणि तो गमतीचा आहे. सालोमालो हा तुकारामाचे अभंग चोरून त्यांना आपली नाममुद्रा जोडतो. कथेतील खलनायकत्व या वाङ्मयचौर्यावर उभे आहे. आणि त्याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी तुकारामाच्या शैलीत जे एक पद रचले ते इतके बेमालूम उतरले की अनेकांनी, जाणकारांनीसुद्धा, ते तुकारामाचेच समजून गाथेत शोधले. सालोमालोने दुसऱ्याची रचना आपल्या नावावर घेतली. आठवल्यांची रचना आपसूक दुसऱ्याच्या नावावर गेली. पहिल्याला चित्रपट शिक्षा करतो. दुसऱ्याबद्दल संस्थेत कोणास खंत वाटली असेल असे वाटत नाही, कारण तेथील रीतच तशी होती. चित्रपटाच्या प्रारंभी तुतारी फुंकणारी स्त्री येई, आणि ती मुद्रा घराची असे. तिच्याखाली शांतारामांचा चित्रपटही येई आणि दामले-फत्तेलाल यांचाही. वारकरी परंपरेत ‘तुका म्हणे’ या दोन शब्दांमागे एक व्यक्ती असते आणि एक संपूर्ण पंथही असतो. ‘प्रभात’ची तुतारी काहीशी तशीच होती.

घराची मुद्रा एक असल्यामुळे आतील आवाज एक असण्याची गरज नव्हती, हा या रचनेचा खरा लाभ. ‘कुंकू’मधील नीरा आणि ‘तुकाराम’मधील जिजाई यांना शेजारी ठेवून पाहावे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेल्या ‘कुंकू’त शांता आपटे यांची नीरा वृद्ध पतीशी संसार करण्यास नकार देते. तिचे शब्द शिकलेल्या मुलीचे आहेत, नकाराला ती तत्त्वाची बैठक देते. जिजाई नकार देत नाही. ती संसार करते आणि बोलते. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने, एकाच आवारात, विवाहित स्त्रीच्या तक्रारीची ही दोन व्याकरणे तयार झाली. एका दिग्दर्शकाने दुसऱ्यापासून उसने घेतले असे दाखविण्याचा हेतू नाही. एका आवारात दोन दिग्दर्शन-कक्ष, त्यांचे नट, लेखक, ध्वनिलेखक, सुतार आणि रंगारी समाईक असले, म्हणजे एका चित्रपटात जे बोलून झाले त्याची दखल दुसऱ्याला घ्यावीच लागते. भक्तिपटाला सामाजिक प्रश्न टाळता येत नाही, आणि सामाजिक चित्रपटाला घरगुती बोली. ‘शेजारी’तील जिवबा आणि मिर्झा यांच्या मैत्रीत जो सावकाश, खेडवळ सूर आहे, तो शांतारामांच्या ‘राजकमल’काळातील कृतींत क्वचितच पुन्हा ऐकू येतो.

भाषेच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ‘प्रभात’चे बहुतेक मोठे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघत, ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. ‘माणूस’मधील एका गाण्यात तर अनेक भाषांची एकत्र थट्टामस्करी चालते. ‘संत तुकाराम’ मात्र मूळ मराठीतच काढला गेला. हिंदी बाजारपेठ माहीत असलेल्या संस्थेने असे करणे हे धाडस होते, आणि हे धाडस परवडले ते दुसऱ्या प्रवाहातील द्विभाषिक चित्रपट घर चालवीत होते म्हणून. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात हा मराठी बोलपट सत्तावन्न आठवडे चालला, हे नंतरचे. निर्णय घेताना ते कोणास ठाऊक असणार?

1942 मध्ये ही घडी मोडली. मागे राहिलेल्या ‘प्रभात’च्या निर्मितीची यादी पाहिली तर पहिली गोष्ट नजरेत भरते ती भाषेची. ‘नई कहानी’ (1943), ‘चाँद’ (1944), ‘लाखारानी’ (1945), ‘हम एक हैं’ (1946) हे सारे हिंदी चित्रपट. दिग्दर्शक बदलत राहिले, कोणी आतले, कोणी बाहेरून आलेले. दामले 1945 मध्ये निवर्तले. ‘हम एक हैं’ने देव आनंद यांना प्रथम पडद्यावर आणले, ही त्या काळातील सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट, पण तिचा संबंध पुढच्या मुंबईशी आहे, मागच्या पुण्याशी नाही. संतपटाचा धागा 1949 च्या ‘संत जनाबाई’त पुन्हा हाती घेण्यात आला. विषय योग्य होता. जनाबाई स्वतःच दळणकांडणाच्या भाषेत देवाशी बोलणारी. पण येथे संत आणि घरकाम करणारी स्त्री एकच झाली, आणि त्याबरोबर दोन सुरांतील तो झगडा नाहीसा झाला. देवाला जाब विचारण्यास चित्रपटात कोणी उरले नाही.

फाटाफुटीनंतरच्या ‘प्रभात’ची एक कृती मात्र अपवादभूत आहे, आणि तिने वरील विवेचनाला वेगळ्या दिशेने पुष्टी मिळते. ‘रामशास्त्री’ (1944) या चित्रपटाचे दिग्दर्शन एकाहून अधिक हातांतून गेले. श्रेय गजानन जागीरदार यांच्याकडे आहे, आणि रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिकाही त्यांचीच. कथेचा गाभा 1773 मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा. स्थळ शनिवारवाडा, म्हणजे ‘प्रभात’ चित्रगृहापासून हाकेच्या अंतरावर. येथे अद्भुत पूर्णपणे गेले आहे. नायकापाशी कोणतीही अलौकिक शक्ती नाही, सैन्य नाही, जमावही नाही. त्याच्यापाशी आहे केवळ निर्णय, म्हणजे उच्चारलेले एक वाक्य. संतपटात घटना घडे आणि शब्द तिच्यामागून येत. येथे शब्द उच्चारला की घटना घडली. भाषाशास्त्रात ज्यांना कृतिरूप उच्चार म्हणता येईल, त्यांचे मराठी पडद्यावरील हे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. या शब्दाला विरोधही तुल्यबळ आहे, कारण ललिता पवार यांची आनंदीबाई दरबारी मराठीतील सौजन्याचा उपयोग शस्त्रासारखा करते. दोन सुरांचा झगडा येथे पुन्हा सापडतो, म्हणून चित्रपट उभा राहतो. पण हा झगडा वाड्याच्या आत, एकाच वर्गाच्या प्रमाणभाषेत चाललेला आहे. चुलीजवळची मराठी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याबाहेरच राहिली.

‘राजकमल’कडे पाहिले तर चित्र वेगळे, तरी निष्कर्ष तोच. संस्थेचे नावच मुळी शांतारामांच्या वडिलांच्या आणि आईच्या नावांवरून, राजाराम आणि कमल यांवरून घडविलेले आहे. प्रारंभ ‘शकुंतला’ (1943) या हिंदी चित्रपटाने झाला, आणि पुढेही संस्थेचे मुख्य बोलणे हिंदीत राहिले. मराठी सुटली असे म्हणता येत नाही. ‘रामजोशी’ (1947) आणि ‘अमर भूपाळी’ (1951) हे दोन्ही महत्त्वाचे चित्रपट ‘राजकमल’चे आहेत. पहिल्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांच्या नावे आहे, म्हणजे मूळ गुरू शिष्याच्या घरी कामास आले. हा इतिहासाचा विनोद म्हणावा की त्याची करुणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही चित्रपटांचे नायक शब्दप्रभू शाहीर आहेत. लावणी, पोवाडा, शृंगार, शौर्य सारे त्यांच्या मुखी. त्यांच्याभोवतीची माणसे या शब्दाने भारावतात किंवा दुखावतात. तो शब्द अपुरा आहे, घरात पीठ नाही, असे त्यांना ऐकविणारे पात्र जिजाईच्या तोडीचे नाही. शांतारामांचे दृश्यकौशल्य या काळात वाढतच गेले. त्यांच्या चित्रपटातील बोलणे मात्र उत्तरोत्तर एका आवाजाचे होत गेले, आणि तो आवाज बहुधा दिग्दर्शकाचाच असे. नाममुद्रा घराची होती ती व्यक्तीची झाली.

येथे अमेरिकन उदाहरणाकडे थोडे परत वळणे उपयोगाचे आहे, कारण तेथील क्रम ‘प्रभात’च्या उलट आहे. ‘प्रभात’मध्ये एका घराची दोन घरे झाली, ‘मार्व्हल’मध्ये दोन विभागांचे एक घर झाले. परिणाम मात्र एकाच जातीचा दिसतो. 2019 पूर्वी तेथील मालिका आणि चित्रपट नावापुरतेच एका विश्वातील होते. प्रत्यक्षात मालिकांतील वीर गल्लीतील भाषा बोलत, भाड्याच्या खोलीत राहत, मार खात. विलीनीकरणानंतर सर्वांना एकच कथासूत्र आणि एकच थट्टेखोर सूर मिळाला. निर्मिती अतोनात वाढली, आणि या वाढीमुळे अवधान विरळ झाले हे डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनीच 2023 मध्ये उघडपणे मान्य केले. फूट वाईट आणि एकी चांगली, किंवा उलट, असा काही नियम यातून निघत नाही. दोन असमान आवाजांना एका छताखाली एकमेकांचे ऐकणे भाग पाडणारी रचना दुर्मिळ असते, आणि ती फुटीनेही जाते, एकीकरणानेही जाते, एवढेच दिसते.

या विवेचनाला एक मर्यादा आहे आणि ती साधनांची आहे. ‘प्रभात’चे आवार 1960 पासून चित्रपट-शिक्षणाच्या सरकारी संस्थेकडे आहे, 1974 मध्ये दूरचित्रवाणी-प्रशिक्षणाची शाखाही दिल्लीहून तेथे आली. त्याच आवारात 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. त्यात ‘प्रभात’च्या मूळ फितीही होत्या. 1964 मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आता स्वतंत्र राहिलेले नाही. डिसेंबर 2020 मधील केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. म्हणजे ज्या संस्थेच्या फुटीचा अभ्यास करावयाचा, तिची साधने सांभाळणारी संस्थाही पुनर्रचनेतून गेलेली आहे.

फिती गेल्या तरी प्रती उरल्या आहेत, आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी त्यांकडे संहिता म्हणून पाहिलेले नाही. ज्ञानेश्वरीचे पाठभेद जुळविणारे विद्वान याच शहरात होऊन गेले. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ यांचे संवाद प्रसंगवार समोरासमोर मांडण्याचे काम त्याच जातीचे आहे. मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांचा जिवबा, हिंदीत त्या जागी मझहर खान. मिर्झा दोहोंकडे जागीरदारच. म्हणजे हिंदीत हिंदू पात्र मुसलमान नटाकडे आणि मुसलमान पात्र हिंदू नटाकडे, असा हेतुपुरस्सर अदलाबदल आहे, आणि मराठीत तो नाही. एकच नट एकाच भूमिकेत, एकाच मांडणीत, दोन भाषांतून दोन निराळ्या मित्रांशी बोलतो. कोण कोणाला अरे-तुरे करतो, भांडणानंतर ‘तू’चा ‘तुम्ही’ कोणत्या प्रसंगी होतो, हिंदीतील ‘आप’ने त्या मैत्रीतील अंतर वाढते की नुसता अदब येतो, मिर्झाच्या मराठीत उर्दूचे प्रमाण किती आणि त्याच्या हिंदीत ते किती वाढते, हे सारे मोजता येण्याजोगे आहे. त्यास लागणारा अवधी एका प्रबंधाहून अधिक नाही, आणि दोन्ही आवृत्त्या पाहावयास मिळतात.